हिरोशिमाच्या जुन्या ट्रॅममधून फिरायचं कसं: भाडं, मार्ग, डबे आणि हमखास होणाऱ्या चुका

प्रश्न थोडक्यात असा: दोन दिवस हिरोशिमात मुक्काम, बरोबर सत्तरीचे आईवडील. तिथल्या ऐतिहासिक ट्रॅममधून फिरायचं आहे, अणुबॉम्बमधून वाचलेला डबा पाहायचा आहे आणि जवळच्या मियाजिमा बेटावरही जायचं आहे. पैसे कसे द्यायचे, पास घ्यावा का, कुठल्या नंबरची गाडी पकडायची?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हिरोशिमाची ट्रॅम वेगासाठी नसते. शहरात तिचा वेग कायद्यानेच ताशी 40 किलोमीटरवर अडवलेला आहे, सिग्नल तिलाही लागतात आणि थांबे जवळजवळ आहेत. ‘कमी वेळात जास्त ठिकाणं’ असा हिशेब मांडून बसलात तर चिडचिड होईल. त्याऐवजी दिवसाचे टप्पे पाडा आणि नुसता मार्ग न निवडता डबाही निवडा. जपानमधलं हे सर्वांत मोठं ट्रॅमचं जाळं आहे: शहरातले साधारण 19 किलोमीटर आणि मियाजिमाकडे जाणारी 16.1 किलोमीटरची वेगळी लाइन. हिरोशिमा इलेक्ट्रिक रेल्वे, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘हिरोदेन’, ही खाजगी कंपनी ते चालवते. पहिली गाडी 23 नोव्हेंबर 1912 रोजी धावली.

चढणं-उतरणं मुंबईकरांना शिकवावं लागत नाही. बेस्टच्या जुन्या बससारखंच आहे: मागून चढा, पुढून उतरा. एकेरी डब्यात मधल्या किंवा मागच्या दाराने चढायचं आणि ड्रायव्हरशेजारच्या दाराने पैसे देऊन उतरायचं. लांबलचक जोडडबे असतात तिथे मधली दारं चढायला आणि दोन्ही टोकांची उतरायला, कारण एका टोकाला ड्रायव्हर असतो आणि दुसऱ्या टोकाला कंडक्टर. पैसे चढताना नाही, उतरताना. नवखी माणसं चढल्याबरोबर पाकीट काढून पुढे धावतात आणि गर्दीत सगळ्यांना धक्के देतात. शांत बसा. आपला थांबा आला की बटण दाबा, गाडी पूर्ण थांबली की उठा. आईवडिलांना हे आधीच सांगून ठेवा, कारण आपल्याकडे थांबा यायच्या आत दाराशी उभं राहायची सवय अंगात मुरलेली असते. तिथे गाडी चालू असताना वयस्कर माणूस उठला तर ड्रायव्हर माइकवरून बसायला सांगतो.

शहरातलं भाडं सरसकट आहे. फेब्रुवारी 2025 पासून मोठ्यांना 240 येन, मुलांना निम्मं. एक थांबा जा की दहा, भाडं तेच. मियाजिमा लाइनवर मात्र अंतराप्रमाणे वाढतं. भाडं अधूनमधून वाढत असतं, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनातला आकडा धरून चिल्लर मोजू नका. भाडेपेटीवर लिहिलेला आकडाच खरा.

आता ती भाडेपेटी नीट समजून घ्या, कारण परदेशी पाहुण्यांचा निम्मा गोंधळ तिथेच होतो. ड्रायव्हरच्या शेजारी कमरेएवढं खोकं असतं. वरच्या रुंद तोंडात टाकलेले पैसे म्हणजे दिलेलं भाडं. त्यातून परत काही मिळत नाही. 500 चं नाणं टाकून 260 ची वाट पाहत उभं राहिलात तर मागची रांग खोळंबते आणि हाती काही लागत नाही. सुटे करायचं तोंड वेगळं असतं: 1000 ची नोट घ्यायला एक फट आणि 500, 100, 50 च्या नाण्यांसाठी एक खाच. तिथे टाकलेल्या पैशांचे तेवढ्याच रकमेचे सुटे खालच्या ताटलीत पडतात, त्यातून भाडं कापलं जात नाही. म्हणजे काम दोन पायऱ्यांचं आहे: आधी सुटे करून घ्या, मग 240 मोजून वरच्या तोंडात टाका. दोन शंभराची आणि चार दहाची नाणी. तिघांचे मिळून 720 एकदम टाकले तरी चालतात, फक्त ड्रायव्हरला तीन बोटं दाखवा. 5000 आणि 10000 च्या नोटा हे यंत्र घेत नाही. सकाळी हॉटेलबाहेर पडताना जवळच्या कोनबिनीत, म्हणजे तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, पाण्याची बाटली घ्या आणि मोठी नोट तिथेच मोडा. सुटे करायची वेळ कोणती, तर गाडी सिग्नलला किंवा मधल्या थांब्यावर उभी असताना. उतरायच्या क्षणी नव्हे.

कार्डांचं प्रकरण अलीकडे बदललंय. 2008 पासून चालत आलेलं पास्पी हे स्थानिक कार्ड मार्च 2025 अखेर बंद झालं. त्याच्या जागी सप्टेंबर 2024 पासून ‘मोबिरी डेज’ आलं: फोनवरचा क्यूआर कोड किंवा त्याचं स्वतःचं कार्ड. दोन दिवसांच्या पाहुण्याने त्यात नाव नोंदवत बसायची गरज नाही. तुमच्याकडे इकोका, सुइका किंवा पास्मो यांपैकी रेल्वेचं टेकवायचं कार्ड असेल तर ते चालतं. अडचण दोनच गोष्टींची. एक, मोबिरीचं यंत्र वेगळं आणि इकोकाच्या कुटुंबातल्या कार्डांचं वेगळं. चुकीच्या यंत्रावर कितीही वेळा टेकवलं तरी ते ढिम्म राहतं. दोन, मोबिरीवाले कुठल्याही दाराने उतरू शकतात. इकोकावाल्यांनी मात्र ड्रायव्हर किंवा कंडक्टर असलेल्या दारानेच उतरायचं. स्थानिक लोक मधल्या दाराने उतरताना दिसले म्हणून त्यांच्या मागे जाऊ नका. चढताना दारापाशी आपल्या कार्डाचं यंत्र दिसलं तर टेकवा, उतरताना तर टेकवायचंच. मियाजिमा लाइनवर चढताना टेकवायचं राहिलं तर भाड्याचा हिशेब बिघडतो आणि कंडक्टरला हाताने दुरुस्त करावा लागतो.

दिवसाचा पास घ्यावा का? सोपा हिशेब: पासची किंमत भागिले 240. उत्तर तीनच्या आसपास आलं आणि तुम्ही दिवसात चार वेळा बसणार असाल तर डोळे मिटून घ्या. फायदा पैशांपेक्षा डोक्याला आहे, प्रत्येक वेळी चिल्लर मोजायला नको. दोन प्रकार असतात, फक्त ट्रॅमचा आणि ट्रॅम अधिक मियाजिमाच्या बोटीचा. दुसऱ्यात एक मेख आहे: त्यातली बोट हिरोदेनच्याच गटातल्या मात्सुदाई कंपनीची, जेआरची (म्हणजे जपानच्या मुख्य रेल्वेची) नव्हे. उलट तुमच्याकडे जेआर रेल पास असेल तर त्यावर जेआरची गाडी आणि जेआरची बोट चालते, ट्रॅम मुळीच नाही. धक्क्यावर दोन्ही कंपन्यांच्या बोटी शेजारीशेजारी लागतात आणि हातात चुकीचा पास घेऊन उभी असलेली माणसं तिथे रोज दिसतात. शिवाय ऑक्टोबर 2023 पासून मियाजिमाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून 100 येन कर घेतात. तो रेल पासमध्ये धरलेला नाही, वेगळा द्यावा लागतो.

आता मार्ग. क्रमांक 1, 2, 3, 5, 6, 7, 8 आणि 9; चार नाही. सगळे पाठ करायची गरज नाही, तुमच्या कामाचे तीन-चारच आहेत. सुरुवात हिरोशिमा स्टेशनपासून. इथे 3 ऑगस्ट 2025 पासून सगळं बदललं. पूर्वी ट्रॅम स्टेशनसमोर जमिनीवर यायची आणि वळसा घालून शहरात जायची. आता ती उन्नत मार्गावरून थेट स्टेशनच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर येते, जेआरच्या फाटकांच्याच पातळीवर. आईवडिलांसाठी ही मोठीच सोय, जिना नाही की रस्ता ओलांडणं नाही. पण त्यामुळे जुने नकाशे कुचकामी झाले. एन्कोबाशी-चो हा थांबा त्यांत दिसतो, तो आता अस्तित्वात नाही. गाडी स्टेशनसमोरच्या एकिमाए-ओहाशी पुलावरून इनारी-माचीला उतरते. स्टेशनातून बाहेर पडून रस्त्यावर ट्रॅम शोधत फिरू नका. बाहेर पडायचंच नाही.

शांती उद्यान आणि तिथलं अणुबॉम्बचं संग्रहालय यांसाठी 2 किंवा 6 नंबर घ्या आणि गेनबाकु डोम-माए, म्हणजे बॉम्बमधून उरलेल्या घुमटाच्या इमारतीसमोरच्या, थांब्यावर उतरा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. इथली सर्वांत ठरलेली चूक 1 आणि 5 मधली आहे. दोन्ही गाड्यांवर ‘हिरोशिमा बंदर’ लिहिलेलं असतं आणि दोन्ही स्टेशनवरूनच सुटतात. पण 1 नंबर हात्चोबोरी-कामियाचो असा भर शहरातून जातो, तर 5 नंबर हिजियामा टेकडीच्या बाजूने शहराला बगल देऊन थेट बंदर गाठतो. संग्रहालयाला जायचं म्हणून 5 मध्ये बसलेला माणूस अर्ध्या तासाने समुद्रापाशी उतरतो. समुद्रापलीकडच्या मात्सुयामा शहराची बोट पकडायची असेल तर हाच 5 नंबर उत्तम.

डोमपासून दक्षिणेकडे उद्यानातून चालत संग्रहालयापर्यंत या. अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर, रस्ता सपाट आणि बसायला जागोजागी बाकं. परतताना पुन्हा डोमपर्यंत चालत येऊ नका. संग्रहालयासमोरच्या रुंद हेइवा-ओदोरी रस्त्याने पूर्वेला पूल ओलांडून दहाएक मिनिटांत चुदेन-माए थांबा येतो. तिथे 1, 3 आणि 7 अशा तिन्ही गाड्या येतात, पण स्टेशनला फक्त 1 जाते. 3 पश्चिमेला निशी-हिरोशिमाला वळते आणि 7 योकोगावाला. थांबा एकच, दिशा सारखी, म्हणून आकडा बघूनच चढा.

गाडी बदलताना कामियाचोपाशी जरा जपून. तो एक थांबा नाही, चौकाच्या दोन बाजूंना दोन आहेत: हिगाशी म्हणजे पूर्वेचा, निशी म्हणजे पश्चिमेचा. स्टेशनहून येणाऱ्या 1, 2 आणि 6 हिगाशीला थांबतात. त्यातली 1 तिथून दक्षिणेला होनदोरीकडे वळते, 2 आणि 6 सरळ निशीवरून डोमकडे जातात. म्हणजे 1 मधून 2 मध्ये बदलायचं तर हिगाशीलाच बदला, रस्ता ओलांडावा लागत नाही. या चौकाच्या पोटात शारेओ नावाचा भुयारी बाजार आहे. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायला तोच बरा, विशेषतः पावसात.

आता डब्यांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. साठ-सत्तरच्या दशकात जपानमधल्या शहरांनी एकामागून एक ट्रॅम मोडीत काढल्या: ओसाकाने 1969 मध्ये, कोबेने 1971 मध्ये, क्योतोने 1978 मध्ये. (मुंबईने त्याआधीच, 31 मार्च 1964 रोजी; दादर टी.टी. मधला ‘टी.टी.’ हा त्या ट्रॅम टर्मिनसचाच अवशेष.) हिरोशिमातही 1963 मध्ये मोटारींना रुळांवर यायची मुभा दिली आणि ट्रॅम कोंडीत अडकून पडू लागली. मोठा निर्णय पुढे 1971 मध्ये झाला: मोटारींना रुळांवर पुन्हा बंदी. ट्रॅम वेळेवर धावू लागली आणि टिकली. शिवाय ओता नदीच्या गाळावर वसलेल्या या शहरात भुयारी रेल्वे खोदणं फार खर्चाचं होतं, तेही ट्रॅमच्या पथ्यावर पडलं. मग इतर शहरांनी टाकून दिलेले डबे हिरोदेनने विकत घेतले आणि बरेचसे त्यांच्या मूळ रंगातच चालवले. म्हणूनच तिला ‘चालतं संग्रहालय’ म्हणतात.

डब्याच्या तोंडावरचा आकडा वाचायला शिका. 1901 ते 1915 म्हणजे क्योतोचे डबे, बांधणी 1950 च्या दशकातली. क्योतोहून आलेले 15 डबे, प्रत्येकाला तिथल्या ठिकाणाचं किंवा ओळखीचं नाव: गिऑन, आराशियामा, निशिजिन असं. ते हळूहळू निवृत्त होत आहेत, तेव्हा दिसला तर पुढच्या गाडीची वाट न पाहता चढा. बसताना चाकांच्या वरची जागा पकडा. या जुन्या डब्यांत मोटरचं निम्मं वजन थेट चाकाच्या आसावर टेकलेलं असतं, त्यामुळे गाडी सुटताना खालून एक घुमणारा, चढत जाणारा घरघराट येतो आणि पायाखालची फरशी थरथरते. नव्या डब्यांत हा आवाज मिळत नाही.

नव्यांत 5000 आकड्याचे डबे पाहा: 1999 मध्ये जर्मनीच्या सीमेन्सकडून आलेले, पहिला तर मालवाहू विमानात घालून आणला होता. 5100 (2005 पासून) आणि 5200 (2019 पासून) हे जपानमध्ये बांधलेले. यांची जमीन थांब्याच्या पातळीला असते. आईवडिलांच्या गुडघ्यांसाठी हेच डबे बरे. जुन्या डब्यांच्या पायऱ्या उंच आहेत आणि दार अरुंद. कमी उंचीची गाडी कधी येणार ते थांब्यावरच्या फलकावर आणि कंपनीच्या संकेतस्थळावर कळतं. मोठ्या सुटकेसा घेऊन जुन्या डब्यात चढू नका. स्टेशनवरच लॉकरमध्ये ठेवा.

अणुबॉम्बमधून वाचलेल्या डब्यांची मालिका 650. बांधणी 1942 ची, डबे पाच: 651 ते 655. 6 ऑगस्ट 1945 रोजी 651 हा डबा चुदेन-माएजवळ, स्फोटकेंद्रापासून साधारण 700 मीटरवर होता. तो जळून गेला, पण सांगाडा उरला आणि 1946 च्या मार्चमध्ये दुरुस्त होऊन पुन्हा रुळांवर आला. 652 बंदराकडच्या उजिना भागाजवळ होता, त्याचं नुकसान कमी झालं. हे दोन डबे हिरव्या आणि फिक्या पिवळ्या रंगात आजही प्रवासी वाहतात. 653 निळ्या-करड्या जुन्या रंगात खास फेऱ्यांसाठी बाहेर काढतात, 654 शहराच्या नुमाजी वाहतूक संग्रहालयात उभा आहे आणि 655 मोडीत निघाला. त्या दिवशी कंपनीच्या 123 डब्यांपैकी 108 डब्यांना झळ पोचली. तरी तिसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, कोई ते निशी-तेनमा-चो एवढ्या तुकड्यावर गाडी सुरू झाली. पुरुष युद्धावर गेल्याने त्या काळात कंडक्टर आणि ड्रायव्हरचं काम कंपनीनेच 1943 मध्ये काढलेल्या शाळेतल्या किशोरवयीन मुली करत होत्या. हे ठाऊक असलं की 651 मध्ये बसताना त्याच्याकडे जुनी वस्तू म्हणून बघता येत नाही.

तो पाहायचा कसा? 651 आणि 652 चा ठरलेला मार्ग जाहीर होत नाही. ते राखीव गाड्यांसारखे वापरतात, बहुधा कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या वेळात. त्यामुळे शनिवार-रविवारी दुपारी शोधत बसलात तर हात हलवत परत याल. कामाच्या दिवशी साडेसात ते नऊच्या दरम्यान चुदेन-माए ते हिरोदेन-होनशा-माए या पट्ट्यात उभे राहा. सेन्दा आगार तिथेच आहे आणि गाड्या तिथूनच निघतात-परततात. नऊनंतर आगाराच्या फाटकाबाहेरच्या फुटपाथवरून आत उभे डबे दिसतात. आत शिरू नका. जून महिन्यात याच आगारात ट्रॅमचा उत्सव भरतो, तेव्हा आत सोडतात.

खिडकीची बाजू विचारलीत तर: कामियाचोहून पश्चिमेला जाताना डावीकडे बसा. डोम डावीकडेच येतो. त्याच्या पुढे गाडी आइओई पुलावर चढते. हा पूल इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा आहे आणि आकाशातून ओळखायला सोपा म्हणून बॉम्बफेकीचं लक्ष्य तोच होता. पुलाच्या मध्यावर डावीकडे फुटणारी शाखा उद्यानात उतरते, ती डब्यातून नीट दिसते.

निवांत जुनी गाडी हवी असेल तर 9 नंबर विसरू नका. हात्चोबोरी ते हाकुशिमा, जेमतेम 1.2 किलोमीटर, एकेरी डबा, गर्दी नाही. शुक्केइएन बागेसाठी हीच गाडी. हात्चोबोरीला तिचा थांबा मुख्य रस्त्यावर नाही, उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी वेगळा आहे.

मियाजिमाबद्दल मत स्पष्ट आहे: जाताना जेआर, येताना ट्रॅम. स्टेशनहून 2 नंबरची गाडी मियाजिमागुचीला न्यायला सत्तरेक मिनिटं घेते. जेआर तेच अर्ध्या तासाच्या आत करते. सकाळी शहरातली गर्दी, आणि 2 नंबरमध्ये ती जास्तच. वयस्कर माणसांना उभं राहावं लागेल. सकाळी लवकर जेआरने जा. बोट दहा मिनिटांची. दुपारी परतताना हिरोदेनचं मियाजिमागुची स्टेशन 2022 मध्ये हलवून धक्क्याच्या अगदी जवळ आणलंय, आणि गाडी तिथूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळते. निशी-हिरोशिमापर्यंत ती ट्रॅम नसून खरी रेल्वे असते: स्वतःचे रूळ, फाटकं, बऱ्यापैकी वेग. काही ठिकाणी समुद्र दिसतो. निशी-हिरोशिमानंतर तीच गाडी रस्त्यावर उतरते आणि मोटारींमध्ये सिग्नलला उभी राहते. हा बदल अनुभवायचा तर पुढच्या टोकाला, ड्रायव्हरच्या मागे बसा. कंटाळा आला तर निशी-हिरोशिमाला उतरून जेआर पकडता येते, दोन्ही स्टेशनं लागूनच आहेत.

रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यांवर पोचायला सिग्नलनेच जा, समोरून ट्रॅम निघतेय म्हणून पळू नका. दिव्यांमध्ये पिवळा बाण दिसला तर तो फक्त ट्रॅमसाठी असतो, चालणाऱ्यांसाठी नव्हे. थांब्याचे कट्टे अरुंद आहेत. पाठपिशवी पुढे घ्या. गाडीत फोनवर बोलत नाहीत, खात नाहीत. रात्री दहानंतर फेऱ्या विरळ होतात.

6 ऑगस्टला जाणार असाल तर सकाळी उद्यानाकडे जाणाऱ्या गाड्या गच्च भरतात आणि 8:15 ला शहर मौन पाळतं तेव्हा ट्रॅमही जागच्या जागी थांबतात. त्या दिवशी साडेसातच्या आत पोचलेलं बरं.

पुढे टोकियोला जाऊन तिथली तोदेन आराकावा ट्रॅम घेणार असाल, तर तिथे उलटं आहे: पुढून चढायचं, चढतानाच पैसे द्यायचे, मागून उतरायचं. नागासाकीत हिरोशिमासारखंच, सरसकट भाडं आणि उतरताना पैसे. हाकोदातेत भाडं अंतराप्रमाणे, म्हणून चढताना दाराशी मिळणारी नंबरची चिठ्ठी घ्यायला विसरू नका. चिठ्ठी नसेल तर पहिल्या थांब्यापासूनचं भाडं भरावं लागू शकतं.